कोरं रक्त

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे शहाणा म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, तो पाच-सहा वर्षांचा असताना, आणि ठेवलं ते टोमणा म्हणून. त्याने ते पदवी समजून स्वीकारलं. आज तो पन्नाशीला टेकलाय. नावाच्या मागेपुढे इतकी अक्षरं चिकटलीत की व्हिजिटिंग कार्डावर फोन नंबर पाठीमागे छापावा लागतो. मला मात्र त्याच्यात अजून तोच मुलगा दिसतो, जो चालतं घड्याळ उघडून बसायचा आणि बंद पडलं की म्हणायचा, घड्याळच मुळात खराब होतं.

मी गाडी चालवायला शिकवते. माझी स्वतःची शाळा आहे, दोन गाड्या आहेत. दिवसभर माझ्या शेजारी अशी माणसं बसतात ज्यांना वाटतं, आपल्याला येतंय. त्यामुळे एकूण मनुष्यजातीबद्दल माझं मत बरं नाही आणि ते मी झाकूनही ठेवत नाही. लोक म्हणतात, बाईच्या जिभेला हाड नाही. नसेल. पण माझ्या गाडीत बसून आजवर कोणी मेलेलं नाही.

शहाण्याने उभं आयुष्य एका विषाणूवर काढलं. तोही असा विषाणू, ज्याने कोणाला काहीही होत नाही. ताप नाही, खोकला नाही, साधी शिंकही नाही. आमचे वडील हयात होते तेव्हा त्यांनी मोठ्या आशेने विचारलं होतं, "मग तू नक्की काय बरं करणार?" शहाण्याने त्यांना तासभर समजावलं. वडिलांनी मान डोलावली आणि तो गेल्यावर मला हळूच म्हणाले, "याला दुसरं काही मिळालं नाही का गं?"

आता ते सगळं मला पाठ आहे, कारण पुढे ते आमच्या घरातच आलं. विषाणू म्हणजे एक कवच आणि आत त्याचा स्वतःचा ऐवज. शहाणा आणि त्याच्यासारखे लोक तो ऐवज काढून फेकतात आणि त्या जागी माणसाला हवा असलेला जनुक भरतात. पेशीत घुसायची खोड विषाणूला उपजतच असते. तो घुसतो, आणलेला माल उतरवतो आणि संपतो. ज्या माणसाचा तो जनुक जन्मापासून बिघडलेला असतो, त्याच्या पेशीला असा धडका जनुक मिळतो. झालं. एवढं सांगण्यासाठी शहाण्याने किती भाषणं ठोकलीत आणि किती हॉटेलांतले साबण घरी आणलेत, त्याला गणती नाही.

पहिली पंधरा वर्षं त्याला कुत्रं विचारत नव्हतं. प्रयोगशाळा तळघरात. एकदा तो घराच्या किल्ल्या विसरला म्हणून मी द्यायला गेले होते. दारावर हे करू नका, ते करू नका असे कागद चिकटवलेले, त्यावर आणखी कागद. भिंतीला लावलेले मोठे फ्रीजर एकसारखे घुमत होते. एका उबदार कपाटात चपट्या बाटल्या आडव्या मांडल्या होत्या, त्यात गुलाबी पाणी आणि पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी. आणि मधोमध शहाणा एका विद्यार्थिनीला झापत होता. "शून्य दिवसाचा नमुना कुठे आहे? औषध द्यायच्या आधी मोजलंच नाहीस, तर नंतर जे दिसलं ते औषधाने झालं हे कोणत्या तोंडाने सांगणार? हे विज्ञान नाही, ही भक्ती आहे." ती मुलगी बुटांकडे बघत उभी होती. शहाण्याने मला पाहिलं आणि त्याचा आवाज आणखी चढला. बहिणीसमोर भाव खायची त्याची जुनी सवय.

मग वारं फिरलं. कुठेतरी दूरच्या एका दवाखान्यात आंधळी होत चाललेली मुलं असल्या औषधाने बघायला लागली आणि रातोरात सगळ्यांना शहाण्याचा निरुपद्रवी विषाणू प्रिय झाला. तळघरातून तो चौथ्या मजल्यावर गेला. तिथे त्याला साहेब मिळाला, त्याचं नाव मी प्रस्तावना ठेवलं. कारण हा गृहस्थ प्रत्येक निबंधाची प्रस्तावना तेवढी लिहायचा, प्रत्येक सभेत प्रास्ताविक तेवढं करायचा आणि काम सुरू झालं की त्याला दुसरीकडे जायचं असायचं. शहाणा त्याच्यापुढे मान तुकवून उभा राहायचा आणि घरी आला की त्याच्या नावाने बोटं मोडायचा. मी म्हणायचे, "त्याच्या तोंडावर बोल की." तो म्हणायचा, "ताई, तुला आमचं जग कळत नाही." खरंच होतं. माझ्या जगात समोरच्याला चूक सांगितली नाही तर गाडी खांबावर जाते.

शहाण्याला मूल उशिरा झालं. भिंत, गज, कपाट, दिसेल त्यावर चढायचा म्हणून त्याला आम्ही खारू म्हणायला लागलो. आणि सहाव्या वर्षी हाच खारू सपाट जमिनीवर पडायला लागला. बसलेला उठताना आपल्याच मांड्यांवर हात रोवून, स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखा उभा राहायचा. पोटऱ्या चांगल्या भरलेल्या, पैलवानासारख्या. आम्ही कौतुक करत होतो. डॉक्टरांनी त्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि कौतुक केलं नाही. स्नायू झिजण्याचा आजार. मुलग्यांनाच होतो. आधी जिने जातात, मग चालणं, मग हात, आणि शेवटी छाती आणि काळीज. मी तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून रडले, कारण बाहेर भावजय बसली होती आणि ती रडत नव्हती.

शहाणा महिनाभर काही बोलला नाही. मग एके दिवशी त्याने डोळ्यांवरचं, यकृतावरचं सगळं काम सहकाऱ्यांना देऊन टाकलं आणि आपला विषाणू स्नायूंकडे वळवला. प्रस्तावनेने नाही म्हणून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा शहाणा त्याच्या तोंडावर बोलला. त्या वेळी मला माझ्या भावाचा अभिमान वाटला होता. हे आताच सांगून टाकते, कारण यापुढे तो शब्द मला वापरता येणार नाही.

अडचण एकच होती. शहाण्याचा विषाणू निरुपद्रवी असला तरी अनोळखी नाही. त्याचे भाऊबंद मुलांमुलांत सर्दीबरोबर हिंडत असतात. निम्म्याहून जास्त माणसांना तो कधी ना कधी होऊन जातो आणि त्यांना पत्ताही लागत नाही. पण रक्त विसरत नाही. ज्या रक्ताने त्याला एकदा पाहिलंय, त्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार असतात. मग तोच विषाणू औषध घेऊन आला तरी शरीर त्याला दारातच ठेचतं. म्हणून औषध एकदाच देता येतं, दुसऱ्यांदा नाही. आणि ज्याचं रक्त आधीच शिकलेलं आहे, त्याला पहिल्यांदाही देता येत नाही.

"खारूचं रक्त कोरं ठेवायला हवं," शहाणा जेवणाच्या टेबलाशी म्हणाला. "औषध तयार होईपर्यंत. दोन वर्षं, फार तर तीन."

असं म्हणून त्याने घराचे नियम सांगितले, आणि ते सांगताना त्याचा आवाज चौथ्या मजल्यावरचा होता. शाळा बंद. बाग बंद. वाढदिवस, पाहुणे, चुलत-मावस भावंडं बंद. भावजय बालवाडीत शिकवायची, सोळा वर्षं शिकवत होती, पोरांची नाकं पुसायची. ते त्या आठवड्यात बंद. मला आत यायचं तर दाराशी बूट, मग आंघोळ, मग त्यांच्याकडचे धुतलेले कपडे, तोंडाला मास्क आणि खिडकीशी खुर्ची. घसा खवखवत असेल तर फोनवरूनच बोलायचं. तो स्वतः मात्र परिषदांना जायचा, विमानांत बसायचा, शंभर जणांशी हात मिळवायचा आणि परत येऊन दोनदा साबण लावायचा. मी एकदा विचारलं, "तुझ्या अंगाला विषाणू लागायला लाजतात का रे?" तो म्हणाला, "मी काळजी घेतो." मोठी माणसं मोठी काळजी घेतात, आम्हीच काय ते गलथान.

भावजयेने कधी कुरकूर केली नाही. ती म्हणायची, "त्यांना कळतं ना, ताई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे मला ते ऐकताना दात शिवशिवायला लागायचे.

पत्रकारांना मात्र ही गोष्ट फार आवडली. बाप शास्त्रज्ञ, मुलगा रोगी, बाप औषध शोधतोय. एका मासिकाने फोटो काढला. खारू गॅलरीच्या काचेच्या दाराआत, शहाणा बाहेर गॅलरीत, दोघांचे तळवे काचेवर एकमेकांसमोर. फोटोसाठी प्रस्तावनाही आला होता आणि त्याचाही तळवा काचेवर ठेवायचा की नाही यावर बराच वेळ चर्चा झाली. खारूला नंतर मी विचारलं, कसं वाटलं. तो म्हणाला, "हात दुखला."

त्याच्या खिडकीतून पार्किंग दिसायचं, दुसरं काही नाही. म्हणून मी त्याला गाड्या शिकवल्या. सात वर्षांचा मुलगा, पण कोण कशी गाडी लावतो हे बघून नाक मुरडायचा. "आत्या, तिसऱ्या मजल्यावरचे काका परत दोन जागा अडवून गेले." माझ्यावरच गेला होता, मला फार बरं वाटायचं. तेव्हा तो धावायचाही. वाकडातिकडा, हात पसरून, पण धावायचा. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि परत, खालचे लोक तक्रार करेपर्यंत. आठव्या वर्षी तो चवड्यांवर चालायला लागला. नवव्या वर्षी जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबून वर बघायचा, जसं आपण डोंगराकडे बघतो. गोळ्यांनी चेहरा गोल झाला होता.

मी एकदाच तोंड उघडलं. शहाणा पार्किंगमध्ये गाडी लावत होता, वाईट लावत होता. मी म्हणाले, "अरे, पाय आहेत तोवर त्याला पळू दे कुठेतरी. मुलांमध्ये."

"आता पळाला तर पुढे पळणार नाही, ताई. आता थांबला तर साठ वर्षं पळेल."

"आणि औषध मिळालंच नाही तर?"

"मिळणार आहे," तो म्हणाला. "मीच बनवतोय."

माझ्याकडे क्लच आणि ब्रेकच्या पलीकडे काही नव्हतं. साठ वर्षं म्हटल्यावर मी मूग गिळून गप्प बसले.

आणि औषध झालं. हे मी कबूल करते, त्याने ते खरोखर केलं. उंदीर धावले, कुत्री धावली, समित्यांनी होकार दिला. चालता येणाऱ्या दहा मुलांना देणार होते. मुलगा जिना चढला नाही तरी चालेल, पण आधाराशिवाय दहा मीटर चालायला हवा. खारू अजून चालत होता, कसाबसा. शहाणा घरी मिठाईचा डबा घेऊन आला, मला दारात मिठी मारायला निघाला आणि मग आठवण येऊन मागे झाला. त्याचा स्वतःचा मुलगा असल्याने त्याला चाचणीत लुडबूड करायला बंदी होती. ती दुसऱ्या रुग्णालयात, खारूचं निदान झालं होतं तिथे, एका दुसऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हाती. शहाणा तिथे फक्त बाप.

त्या बाईंनी खारूचं रक्त घेतलं आणि आठवड्याने फोन केला. प्रतिपिंडं होती. थोडीथोडकी नाही, भरपूर.

मी त्या दिवशी शिकवणी सोडून आले. घरात कोणी मेल्यासारखी अवकळा होती. शहाणा येरझारा घालत होता आणि त्याला एकच प्रश्न पडला होता, तो मुलाबद्दलचा नव्हता. "आत कोणी आणलं?" त्याने मला विचारलं, मी कधी खोकला लपवून आले होते का. मी म्हणाले, नाही. माझे विद्यार्थी कोण, कुठले, कुठला मुलगा गाडीत शिंकला होता, हे त्याने विचारलं. वाण्याच्या माणसाचं, नळ दुरुस्त करणाऱ्याचं, सगळ्यांचं झालं. मग तो भावजयेकडे वळला. "सोळा वर्षं बालवाडीत होतीस. तिथल्या बायका अजून भेटायला येतात ना तुला?"

"दारात भेटतात. मी आंघोळ करते."

"आठव."

भावजयेने आठवलं. गेल्या उन्हाळ्यात शहाणा परिषदेला गेलेला असताना तिने खारूला अर्धा तास मागच्या अंगणात नेलं होतं. कुंपणापलीकडे एक मुलगी खेळत होती. ती बोलली, खारू बोलला. मुलीने आपल्या तोंडातली गोळी काढून त्याला चाखायला दिली. भावजयेने ती हिसकावून फेकेपर्यंत त्याने ती तोंडात घातली होती. एवढं बोलून ती जमिनीवर बसली आणि तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, दोनदा, तीनदा, मी हात धरेपर्यंत. "मी मारलं त्याला," ती म्हणत होती. "तुम्ही एवढं केलंत आणि मी मारलं."

शहाण्याने तिला उठवलं नाही. तो म्हणाला, "आता बोलून काय उपयोग," आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पुढचा आठवडाभर तो तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला आणि ती त्याच्यासमोर ताट ठेवताना मान खाली घालायची. मी दोघांनाही पाहत होते. असं वाटत होतं की याचं बखोट धरून याला घराबाहेर काढावं आणि दोनदा साबण लावून परत घ्यावं.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. मी गाडी चालवली, कारण शहाण्याने आपण होऊन किल्ली माझ्या हातात ठेवली. खारूला एका परिचारिकेने बाहेर चित्रं रंगवायला बसवलं. आम्ही तिघं आत. लहानशी खोली, टेबलावर प्लास्टिकचा माणसाचा पाय, स्नायू तांबड्या रंगात रंगवलेला. बाई सरळ होत्या. शहाणा बोलायला लागला तसा त्यांनी हात वर केला, आणि तो थांबला. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आमच्याकडे एक पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "प्रतिपिंडं सापडली की ती नवी आहेत की जुनी ते बघतो. नवी असतील तर कधीकधी उतरतात, मग थांबता येतं. निदान झालं तेव्हाचं तुमच्या मुलाचं रक्त आमच्या फ्रीजरमध्ये आहे. सगळ्यांचंच ठेवतो. ते काढून तपासलं."

"किती?" शहाण्याने विचारलं.

"आत्ता आहेत तेवढीच."

भावजयेला कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं होतं, पण मला वाटलं मी चुकीचं समजतेय, म्हणून मी विचारलं, "म्हणजे तेव्हापासूनच होतं?"

"सहाव्या वर्षी त्याच्या रक्तात होतंच. त्याच्याही आधी कधीतरी होऊन गेलं असणार. बहुतेक मुलांना तसंच होतं." त्या भावजयेकडे वळल्या. "तुमच्या हातून काही झालेलं नाही. घरात ठेवून, न ठेवून, काही फरक पडला नसता."

भावजयेने शहाण्याकडे मान वळवली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो प्लास्टिकच्या पायाकडे बघत होता.

बाहेरच्या पॅसेजमध्ये मी त्याला गाठलं. पाणी प्यायच्या यंत्राशी तो कागदी पेला हातात धरून उभा होता. मी म्हणाले, "ते रक्त तिथे आहे हे तुला माहीत होतं?"

त्याने पेल्यात पाणी भरून घेतलं.

"शहाण्या, माहीत होतं का?"

"हो."

"तीन वर्षं?"

"हो."

"एका दिवसाचं काम होतं का रे तपासायचं?"

"एका दुपारचं," तो म्हणाला. माणूस असा की खोटं बोलायचं असतं तिथेही आकडा दुरुस्त करतो. "आमच्याच प्रयोगशाळेत झालं असतं. ताई, पण नको तेच उत्तर आलं असतं तर? तेव्हाच आलं असतं तर मी काय केलं असतं? कशासाठी काम केलं असतं? मला सकाळी उठताच आलं नसतं."

मला त्या विद्यार्थिनीची आठवण झाली, बुटांकडे बघणाऱ्या. दुसऱ्याच्या पोरीला चारचौघांत भक्ती काय आणि विज्ञान काय ते सांगणारा हा माणूस, आणि घरात याने मुलाची मोजणीच केली नाही, कारण उत्तर आवडलं नसतं. याला सकाळी उठता यावं म्हणून एक पोर तीन वर्षं काचेआड बसलं. ठीक आहे, भीती वाटली. भीती मलाही कळते, माझं पोट तिच्यावरच चालतं. पण गेल्या आठवड्यात जमिनीवर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेणाऱ्या बायकोला तो एक वाक्य बोलू शकला असता, की थांब, जुनं रक्त आहे, आधी ते बघू. ते त्याने गिळलं. तिच्या गळ्यात ती गोळी अडकलेली राहिली तर त्याला जरा बरं झोपता येत होतं.

"तू हलकट आहेस," मी म्हणाले. ओरडले नाही. "तू हुशार आहेस, तुला बक्षिसं मिळतील, त्या दहा मुलांचे आईबाप तुझे पाय धरतील आणि ते बरोबरच असेल. आणि तू हलकट आहेस."

त्याने पेल्यातलं पाणी प्यायलं आणि पेला चोळामोळा करून खिशात घातला. कचऱ्याचा डबा समोरच होता.

परतताना शहाणा माझ्या शेजारी, भावजय आणि खारू मागे. मग खारू म्हणाला, "मला कधी देणार इंजेक्शन?"

शहाणा खिडकीबाहेर बघायला लागला. भाषणांचा राजा. भावजयेनेच सांगितलं, त्याचा हात हातात घेऊन, साध्या आवाजात. "ते तुला देता येणार नाही, बाळा. तुझं रक्त त्याला आत येऊ देणार नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

खारू विचार करत होता, मला आरशात दिसत होतं. नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगितल्यावर काय होतं ते मला माहीत नव्हतं. मी गाडी हळू केली.

"म्हणजे आता रक्त कोरं ठेवायला नको?" त्याने विचारलं.

तो आईकडे वळला.

"आई, नको ना?"

"नको," भावजय म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. तसा उजळलेला चेहरा मी त्या घरात तीन वर्षांत पाहिला नव्हता. "मग आत्या, थांब की. इथे मुलं आहेत."

रस्त्याला लागून मोकळं मैदान होतं, लोखंडी जाळीचं कुंपण आणि आत पंधरा-वीस पोरं. मी गाडी कडेला घेतली. भावजयेने दार उघडलं. शहाण्याचा हात सवयीने मास्कच्या खिशाकडे गेला आणि तिथे पोचल्यावर त्याला कळेना काय करावं.

खारू उतरला आणि जाळी धरत धरत आत गेला, चवड्यांवर, पोट पुढे काढून, जसा तो आता चालायचा तसा. आम्ही तिघं जाळीच्या बाहेर उभे. मुलं पकडापकडी खेळत होती. पुढचे दात पडलेली एक मुलगी त्याच्यासमोर येऊन थांबली.

"खेळतोस?"

"हो."

"मग पळ. राज्य त्या लाल शर्टवाल्यावर आहे."

खारू जागचा हलला नाही.

"पळ ना."

"मला पळता येत नाही."

"अजिबात?"

"आधी यायचं," खारू म्हणाला. "पण तेव्हा बाहेर जायचं नव्हतं."

"का?"

"मला औषध मिळणार होतं म्हणून."

"मग मिळालं?"

"नाही."

मुलीने त्याला नीट न्याहाळलं, मग जाळीबाहेर उभ्या असलेल्या आम्हाला. "वेडेच आहेत तुझ्या घरचे," ती म्हणाली आणि पळाली, कारण लाल शर्टवाला आला होता. त्याने येता येता खारूच्या पाठीत जोरात धपाटा घातला. "राज्य तुझ्यावर!"

सगळी मुलं किंचाळत त्याच्यापासून लांब पळाली. खारू हसत होता, तोंड भरून. त्याने जाळी सोडली आणि तो त्यांच्या मागे निघाला.

"पडेल तो," शहाणा म्हणाला.

"पडू दे," भावजय म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्याला असं तोडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

शहाणा रडायला लागला, तोंड उघडं टाकून, लहानपणी घड्याळ बिघडलं की रडायचा तसा. थोरली बहीण म्हणून माझ्याकडे बघत होता. मी तिथून निघाले आणि भावजयेच्या शेजारी जाऊन उभी राहिले.